दंडगोलाकार पृष्ठावरील फट, खाच आणि खोबण : संगणकीय आरेखनातील एक विवेचन
(भामरागड परिसरातील बांबू व कूपनलिका यांच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या तीन नद्यांच्या संगमावर वसलेले भामरागड हे गडचिरोली या जिल्ह्याच्या ठिकाणापासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पर्लकोटेला पूर आला की गावाचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क तुटतो, आणि अनेक पावसाळ्यांत तो एकाच मोसमात वारंवार तुटलेला आहे. अशा ठिकाणी एखादा सुटा भाग चुकीच्या मापाचा येऊन पडला तर ‘उद्या बदलून आणू’ असे म्हणता येत नाही. पुण्या-मुंबईच्या कार्यशाळेत अर्ध्या तासाची ठरणारी चूक येथे आठवड्याची होते. म्हणूनच आरेखन पहिल्याच वेळी बरोबर असणे ही गोष्ट येथे केवळ परीक्षेतील गुणांपुरती उरत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी अगदी लहान आहे. दंडगोलाच्या वक्र पृष्ठावर एक लांबट छिद्र पाडावयाचे आहे. संगणकीय आरेखन प्रणालीत, म्हणजे कॅडमध्ये, ते कसे दाखवावे? सपाट पत्र्यावर असे छिद्र काढणे हे पहिल्या आठवड्यातील विद्यार्थ्याचे काम आहे. परंतु तेच छिद्र नळीवर काढावयाचे म्हटले की प्रणालीतील तीन-चार आज्ञा तीन-चार निरनिराळी उत्तरे देतात. पडद्यावर ती सर्व सारखीच दिसतात आणि त्यांतील चूक उघडकीस येते ती वस्तू हातात पडल्यावर. महाविद्यालयीन अध्यापकांपैकी जे अभियांत्रिकी शाखेचे नाहीत त्यांनाही हे विवेचन समजावे, या दृष्टीने येथे गणित अंकगणिताच्या जवळपास ठेवले आहे.

उदाहरणे मुद्दाम या परिसरातील घेतली आहेत. दंडगोल ही येथील परिचित आकृती होय. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलात मुबलक असलेला मानवेल बांबू हा निसर्गाने दिलेला दंडगोल, आणि गावोगावच्या हातपंपाखाली भूमीत उतरलेला पाइप हा माणसाने केलेला.

तीन मराठी शब्द

कॅड प्रणालीत ‘स्लॉट’ हा एकच शब्द आढळतो. मराठीत मात्र त्यासाठी निदान तीन शब्द आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. आरपार गेलेली, अरुंद, ज्यातून काहीतरी झिरपते किंवा डोकावते ती फट. आरपार न जाणारी, पृष्ठावर कोरलेली ती खाच. आणि जिच्यात दुसरा भाग येऊन बसावयाचा असतो ती खोबण. सुतार हे शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरीत नाही. प्रस्तुत लेखकाचे असे मत झाले आहे की विद्यार्थ्याने आज्ञा निवडण्यापूर्वी ‘मला फट हवी, खाच हवी की खोबण?’ एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारला तर निम्म्या चुका टळतात. कारण या तिन्हींच्या भिंती वेगळ्या असतात, आणि सारा घोळ भिंतींचाच आहे. पृष्ठावर दिसणारी बाह्यरेषा ही फक्त भिंतीची वरची कड होय.

गुंडाळणे आणि प्रक्षेपण

भूगोलाच्या अध्यापकांना नकाशा-प्रक्षेपणाची अडचण ठाऊकच आहे. गोलाचे पृष्ठ न ताणता, न फाडता कागदावर पसरता येत नाही. मर्केटरच्या नकाशात ग्रीनलंड अवाढव्य दिसते ते त्यामुळेच. दंडगोलाची गोष्ट वेगळी आहे. बांबूभोवती कागद घट्ट गुंडाळावा, त्यावर रेघोट्या माराव्यात आणि कागद सोडवून सपाट करावा. एकाही रेषेची लांबी बदलत नाही. अशा पृष्ठास विकसनीय पृष्ठ असे म्हणतात. त्याची एक वक्रता शून्य असते, आणि दोन मुख्य वक्रतांचा गुणाकार शून्य असला की पृष्ठ सपाट करता येते, हे गाउसने १८२७ साली दाखवून दिलेल्या सिद्धांतातून निघते. अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षात ‘पृष्ठविकसन’ हे प्रकरण शिकविले जाते ते हेच. डबा तयार करणारा टिनकारागीर पत्रा कापताना ते रोज वापरतो.

सपाट कागदावरील आकृती दंडगोलावर नेण्याचे मार्ग दोन. एक गुंडाळण्याचा, दुसरा प्रक्षेपणाचा. गुंडाळताना कागदावरील लांबी पृष्ठावरील कंसाची लांबी होते. प्रक्षेपणात दंडगोलाला स्पर्श करणाऱ्या सपाट प्रतलावर आकृती काढली जाते आणि ती सरळ खाली, समांतर किरणांनी, पृष्ठावर उतरविली जाते. जणू माध्यान्हीच्या सूर्याने जाळीची सावली नळीवर पाडावी. सावली मध्यभागी खरी असते, कडेला सरकत गेली की पसरते.

आकडे पाहू. नळीचा बाह्य व्यास ६० मि.मी., म्हणजे त्रिज्या ३० मि.मी. परिघाच्या दिशेने ४० मि.मी. लांबीची आकृती प्रक्षेपणाने उतरविली तर पृष्ठावर मोजता ती सुमारे ४३.८ मि.मी. भरते. ५० मि.मी. घेतली तर ५९.१. आणि संपूर्ण ६० मि.मी. घेतली तर अर्धा परिघ, म्हणजे ९४.२ मि.मी. व्यापला जातो. प्रक्षेपण अर्ध्या परिघापलीकडे जाऊच शकत नाही, कारण सावली नळीच्या पाठीमागे पोचत नाही. उलट, आकृती नळीच्या अक्षाच्या दिशेने लांब आणि परिघाच्या दिशेने अरुंद असेल तर दोन्ही मार्गांतील फरक नगण्य असतो. ३० त्रिज्येवर ६ मि.मी. रुंदीसाठी तो एक शतांश मि.मी.च्या आसपास आहे. विद्यार्थी सरावासाठी नेमकी अशीच उदाहरणे सोडवितात, त्यामुळे त्यांना फरक असतो हेच कळत नाही.

प्रणालींत या दोन मार्गांची नावे निरनिराळी आहेत. सॉलिडवर्क्समध्ये गुंडाळण्यासाठी ‘रॅप’ ही आज्ञा आहे. इन्व्हेंटरमध्ये ‘एम्बॉस’ या आज्ञेत पृष्ठावर गुंडाळण्याचा पर्याय दिलेला आहे. प्रक्षेपणासाठी बहुतेक सर्वत्र नेहमीचीच ‘एक्स्ट्रूड कट’ वापरली जाते. फ्रीकॅड ही मुक्त प्रणाली विनामूल्य आहे व २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत कापण्याच्या आज्ञेस ‘पॉकेट’ म्हणतात, तर गुंडाळण्यासाठी ‘कर्व्हज’ नावाचा जोडविभाग स्वतंत्रपणे घालावा लागतो. परवान्याचा खर्च न झेपणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयांनी फ्रीकॅडचा विचार अवश्य करावा. या लेखातील सर्व आकृत्या तीत काढता येतात, थोडा आडवळणाचा रस्ता घ्यावा लागतो इतकेच.

खोबण : उभ्या बांबूतून आडवी पट्टी

आता प्रत्यक्ष उदाहरण. पुस्तकांच्या मांडणीसाठी ५० मि.मी. व्यासाच्या उभ्या बांबूतून २० मि.मी. रुंद आणि ६ मि.मी. जाड अशी लाकडी पट्टी आडवी आरपार न्यावयाची आहे. मानवेल हा जाड भिंतीचा बांबू. बुंध्याकडे तर तो जवळजवळ भरीव असतो. येथे भिंतीची जाडी ८ मि.मी. धरू. म्हणजे बाह्य त्रिज्या २५ आणि आतील त्रिज्या १७ मि.मी.

प्रस्तुत लेखकाने एका कार्यशाळेसाठी हीच खोबण काढताना गुंडाळण्याची आज्ञा वापरली होती. कारण सरळ होते : पृष्ठ वक्र आहे, तेव्हा वक्र पृष्ठासाठीची आज्ञा अधिक शास्त्रशुद्ध असणार. पडद्यावर आकृती उत्तम दिसली. त्रिमिती मुद्रकावर नमुना छापून घेतला आणि पट्टी तोंडाशीच अडली. कानस लावून तोंड मोठे केले, तरी ती दोन-तीन मि.मी. आत जाऊन पुन्हा अडली. विद्यार्थ्यांसमोर झालेली ही फजिती या लेखाचे निमित्त ठरली, हे मान्य करावयास हरकत नाही.

चूक कोठे होती? गुंडाळण्याच्या आज्ञेने २० मि.मी. ही लांबी पृष्ठावर कंस म्हणून घेतली. २५ त्रिज्येवर २० मि.मी. कंसाचा कोन होतो ०.८ रेडियन, म्हणजे सुमारे ४५.८ अंश. परंतु त्या कंसाची दोन टोके सरळ रेषेने जोडली तर ते अंतर भरते १९.४७ मि.मी.; पट्टी सरळ असल्यामुळे तिला हेच अंतर मिळते. अर्धा मि.मी. तोंडाशीच कमी पडला. त्याहून मोठा दोष आत होता. ही आज्ञा खोबणीच्या भिंती त्रिज्येच्या दिशेने, म्हणजे नळीच्या अक्षाकडे वळवून काढते. संत्र्याच्या फोडीसारखी पोकळी तयार होते : बाहेर रुंद, आत अरुंद. आतील पृष्ठावर त्याच ४५.८ अंशांत सरळ अंतर उरते केवळ १३.२ मि.मी. वीस मि.मी.ची पट्टी तेथून कशी जाणार?

सुतार पटाशीने खोबण पाडतो तेव्हा पटाशी एकाच दिशेने खाली जाते, भिंती समांतर राहतात. मिलिंग यंत्राचे दंडगोल कर्तक अक्षाच्या दिशेने सरकविले तरी तेच घडते. म्हणून खोबणीसाठी साधी समांतर कापणी, जिला नवशिका ‘ढोबळ’ समजतो, तीच अचूक होय. शिवाय ती एकाच वेळी दोन्ही बाजूंच्या भिंतींतून आरपार जाते, त्यामुळे पलीकडील खोबण रेषेत येते. गुंडाळलेली आकृती मात्र एकाच बाजूला उमटते आणि दुसरी वेगळी काढावी लागते.

बांबूबाबत आणखी एक गोष्ट, जी कोणत्याही प्रणालीच्या सूचनापुस्तकात मिळणार नाही. बांबूचे तंतू उभे धावतात. खोबणीचे कोपरे चौकोनी ठेवले की तेथून उभी चीर सुरू होते आणि ती पुढच्या गाठीपर्यंत पळते. त्यामुळे आधी दोन्ही टोकांना गिरमिटाने गोल भोके पाडून मग मधला भाग काढणे हे योग्य, आणि आरेखनातही खोबणीची टोके अर्धवर्तुळाकृतीच दाखवावीत. पट्टीच्या कडा त्यानुसार गोल कराव्यात. सपाट पत्र्यावर गोल टोके ही सोय असते, येथे ती गरज आहे.

फट : जमिनीखालचा पाइप

खोबण चुकली तर मांडणी डगमगते, कानस हाताशी असते. फटीची चूक जमिनीखाली जाते आणि मग ती कोणाला दिसत नाही.

महाराष्ट्राचा आणि हातपंपाचा संबंध जुना आहे. जालना व सोलापूर येथील मिशनरी कार्यशाळांत पोलादी हातपंप तयार झाले. सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन १९७० च्या दशकात भारत सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रूडास यांच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क-२’ हा पंप सिद्ध झाला. भारतीय मानक ब्यूरोच्या आय.एस. ९३०१ या मानकात त्याची मापे दिलेली आहेत. देशभरातील खेड्यांत दिसणारा तोच हा पंप. परंतु पंप कितीही चांगला असला तरी कूपनलिकेत पाणी येणे हे खालच्या रचनेवर अवलंबून असते. कठीण खडकात विंधण उघडेच ठेवता येते. वरचा थर भुसभुशीत, झिजलेला किंवा वाळूमिश्रित असेल तर तेथे आवरण-पाइप घालावा लागतो, आणि त्या थरातून पाणी घ्यावयाचे असल्यास पाइपाला फटी पाडाव्या लागतात. पी.व्ही.सी.च्या अशा पाइपांसाठी आय.एस. १२८१८ हे मानक आहे. कारखान्यात या फटी चक्राकार करवतीने पाडतात. कारखान्यातील फटीदार पाइप वेळेवर मिळाला नाही की साध्या पाइपाला हॅकसॉ ब्लेडने आडवे काप देऊन काम भागविले जाते.

या फटीचे आरेखन हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. म्हणून उदाहरण थोडे विस्ताराने घेऊ.

पाइपाचा बाह्य व्यास १४० मि.मी. आणि भिंतीची जाडी ७ मि.मी. घेतली. बाह्य त्रिज्या ७०, आतील ६३. हॅकसॉचे पाते पाइपावर आडवे ठेवून, अक्षाशी काटकोनात, १२ मि.मी. खोल जाईपर्यंत कापले. पाते सरळ आहे, म्हणून कापाचा तळ ही सरळ रेषा. ती अक्षापासून ७० वजा १२, म्हणजे ५८ मि.मी. अंतरावर राहते. ही रेषा बाहेरच्या वर्तुळाला जेथे छेदते तेथवर फट बाहेरून दिसते, आणि आतल्या वर्तुळाला जेथे छेदते तेथवरच ती आत उघडते. हिशेब केला असता बाहेरील फटीची लांबी कंसावर सुमारे ८३ मि.मी. येते, आतील लांबी मात्र साधारण ५०.५ मि.मी. एकाच फटीच्या दोन लांबी, आणि त्यांत बत्तीस मि.मी.हून अधिक तफावत!

आता समजा विद्यार्थ्याने बाहेरून ८३ मि.मी. मोजले आणि ती लांबी गुंडाळण्याच्या आज्ञेने पाइपावर उमटविली. भिंती त्रिज्यारेषेत गेल्या, म्हणून आतील लांबी त्रिज्यांच्या प्रमाणात, म्हणजे दशांशाने कमी होऊन सुमारे ७५ मि.मी. आली. प्रत्यक्षात ती ५०.५ आहे. पडद्यावरील फट खऱ्या फटीपेक्षा आतून जवळजवळ दीडपट निघाली.

परिणाम काय होतो ते पाहावे. एका वलयात तीन फटी, दोन वलयांत २० मि.मी. अंतर आणि फटीची रुंदी १ मि.मी. धरली तर एक मीटर पाइपात ५० वलये आणि १५० फटी होतात. खऱ्या हॅकसॉ-फटींचे आतील खुले क्षेत्रफळ सुमारे ७,५७५ चौ.मि.मी. भरते. पाइपाचे आतील पृष्ठ एका मीटरला सुमारे ३,९५,८०० चौ.मि.मी. आहे, म्हणजे खुले क्षेत्र १.९ टक्के. चुकीच्या प्रतिकृतीवरून प्रणालीने दिलेला आकडा येतो ११,२०० चौ.मि.मी.हून थोडा अधिक, म्हणजे २.८ टक्के. त्या आकड्यावर विसंबून फटीदार पाइपाची लांबी ठरविली तर ती एक-तृतीयांशाने कमी पडते. खुले क्षेत्र कमी म्हणजे पाण्याचा फटीतून शिरण्याचा वेग जास्त. वेग जास्त म्हणजे बारीक रेती सोबत ओढली जाते. आणि ती रेती पुढे पंपाच्या सिलिंडरमधील चामड्याचे किंवा रबराचे वायसर घासून टाकते. हातपंप ‘सारखा बिघडतो’ या तक्रारीचे एक मूळ असे जमिनीखाली असू शकते.

बळाच्या दृष्टीनेही या दोन लांबींचा विचार करावा लागतो, पण उलट्या बाजूने. बाहेरच्या पृष्ठावर एका फटीने सुमारे ६८ अंश व्यापले. तीन फटींचे २०४ अंश झाले. पाइप अखंड राहिला तो उरलेल्या १५६ अंशांत, म्हणजे दोन फटींच्या मध्ये ५२ अंशांचा एकेक पट्टा. आतून पाहिले तर तीन फटी मिळून १३८ अंशच जातात. तेव्हा पाण्याचा हिशेब आतील लांबीवर करावा आणि पाइपाच्या मजबुतीचा बाहेरील लांबीवर. गुंडाळलेल्या प्रतिकृतीत आत आणि बाहेर कोन एकच असल्यामुळे हा भेदच नाहीसा होतो. ही तिची खरी उणीव होय.

योग्य आरेखन याहून सोपे आहे. पाइपाच्या अक्षाशी काटकोनात असलेल्या प्रतलावर मध्यबिंदूपासून ५८ मि.मी. अंतरावर एक सरळ रेषा काढावी, तिच्यावरचा भाग वेढणारा आयत पूर्ण करावा आणि तो अक्षाच्या दिशेने १ मि.मी. जाडीने कापावा. नंतर वर्तुळाकार आवृत्तीने १२० अंशांवर तीन आणि रेषीय आवृत्तीने पन्नास प्रती कराव्यात. लगतची वलये ६० अंशांनी फिरविली तर अखंड पट्टे एकाआड एक येतात. चक्राकार करवतीची फट काढावयाची असल्यास सरळ रेषेच्या जागी करवतीच्या त्रिज्येचा कंस घ्यावा, बाकी सर्व तसेच. वक्र पृष्ठासाठी म्हणून असलेली एकही आज्ञा येथे लागत नाही. विद्यार्थी पृष्ठाकडे पाहतो. त्याने पात्याकडे पाहावयास हवे.

खाच : मळसूत्र आणि लंबवर्तुळ

गुंडाळण्याची आज्ञा निरुपयोगी आहे असा समज येथवरच्या विवेचनाने होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. भामरागडला लागून असलेल्या छत्तीसगढच्या नारायणपूर भागात, अबुझमाडच्या आसपास, बांबूची एक बासरी तयार होते. ती हवेत फिरवली की वाजते. ‘सुलूर’ या नावाने ती ओळखली जाते आणि ती घडविणारे पंडीराम मंडावी यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. या बासरीवर तापलेल्या लोखंडाने भौमितिक नक्षी डागतात. या नक्षीला खोली जवळजवळ नसते. भिंतीच नसल्याने भिंतींचा प्रश्नही नाही. अशी नक्षी कॅडमध्ये आणावयाची तर गुंडाळणे हाच एकमेव योग्य मार्ग. प्रक्षेपणाने आणलेल्या नक्षीतील चौकोन कडेला गेले की लांबतील आणि पाठीमागे पोचणारच नाहीत.

तिरकी खाच काढावयाची असेल तर दोन मार्गांतील फरक आकाराचाच होतो, नुसत्या मापाचा नव्हे. कागदावर तिरकी सरळ रेषा ओढून तो बांबूभोवती गुंडाळला तर मळसूत्र मिळते, स्क्रूच्या आट्यासारखे. तीच रेषा प्रक्षेपणाने उतरविली तर मिळते लंबवर्तुळाचा तुकडा, कारण तिरक्या प्रतलाने दंडगोल कापला की छेद लंबवर्तुळाकृती असतो. तिरका कापलेला ऊस पाहिलेल्या कोणालाही हे पटावे. त्रिज्या ३० मि.मी. आणि तिरकेपणा ४५ अंश असता, पाव वळण गेल्यावर मळसूत्र ४७.१ मि.मी. वर चढलेले असते. प्रक्षेपित रेषा केवळ ३० मि.मी. मध्यभागी दोघींचा उतार एकच असल्याने सुरुवातीला त्या जुळलेल्या दिसतात आणि फसगत होते.

खोल मळसूत्री खाचेत आणखी एक गुंतागुंत आहे. धागा गुंडाळण्याच्या यंत्रांत खाचेदार ड्रम असतो. त्याच्या खाचेतून धागा डावी-उजवीकडे सरकतो. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी परिसर टसर रेशमासाठी परिचित आहे, तेव्हा हे उदाहरण येथे परके वाटू नये. काही यंत्रांतील ड्रमच्या खाचेत एक गोल खुंटी बसते आणि तिच्यामुळे मार्गदर्शक पुढे-मागे होतो. ही खाच दंडगोल कर्तकाने पाडली जाते. कर्तकाची त्रिज्या खोलीनुसार बदलत नाही, पण ड्रमची बदलते. वर ३० असेल तर तळाशी २२. मळसूत्राची एका फेऱ्यातील चढ वर आणि खाली एकच राहते, परिघ मात्र तळाशी कमी, म्हणून तळाशी उतार अधिक तीव्र. त्यामुळे खाचेची भिंत ही ना समांतर प्रतल असते ना शुद्ध त्रिज्यारेषांची. फिरत जाणाऱ्या कर्तकाने व्यापलेल्या जागेची ती सीमा असते. गुंडाळून काढलेल्या खाचेत ही भिंत चुकते. वर नेमकी बसणारी खुंटी खाली आवळली जाते.

सॉलिडवर्क्समध्ये यासाठी भरीव कर्तकच मार्गावरून सरकवून कापण्याची सोय आहे. फ्रीकॅडमध्ये प्रस्तुत लेखक साधा उपाय वापरतो : कर्तकाइतका दंडगोल घ्यावा, तो प्रत्येक एका-दोन अंशाला फिरवीत आणि त्या प्रमाणात अक्षावर सरकवीत त्याच्या प्रती कराव्यात, आणि त्या सर्वांची एकदम वजाबाकी करावी. भिंतीवर सूक्ष्म पाऱ्या दिसतात. अंश लहान केला की त्या विरतात आणि संगणक तितका मंदावतो. ओपनस्कॅडमध्ये हेच काम तीन-चार ओळींच्या आवर्तनात होते, आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते अधिक आवडते असे दिसून येते.

शिवण

एक क्षुल्लक वाटणारी अडचण नमूद करावी लागेल, कारण तिच्यापायी विद्यार्थ्यांचे तास वाया जातात. प्रणालीच्या दृष्टीने दंडगोलाच्या पृष्ठावर एक उभी शिवण असते; कोन शून्यापासून सुरू होऊन ३६० अंशांवर परत येतो ती रेषा. गुंडाळलेली आकृती या शिवणीवरून गेली तर काही वेळा आज्ञा अयशस्वी होते आणि कारण सांगितले जात नाही. दंडगोल अक्षाभोवती फिरवून शिवण पाठीमागे न्यावी. आकृतीची रुंदी परिघाहून अधिक असल्यासही असाच बिघाड होतो, कारण ती स्वतःवरच चढते.

पडद्यावरचा दंडगोल आणि हातातील बांबू

प्रणालीतील दंडगोल निर्दोष असतो. बांबू तसा नसतो. त्याचा छेद किंचित लांबट असतो आणि तो शेंड्याकडे निमुळता होतो. व्हर्नियरने व्यास मोजला तर दोन दिशांना दोन आकडे येतात. त्यापेक्षा दोरा किंवा कागदाची पट्टी गुंडाळून परिघ घ्यावा आणि त्याला ३.१४१६ ने भागावे. सरासरी व्यास मिळतो. दोरा गुंडाळून माप घेण्याची कारागिराची पद्धत अडाणी नाही, ती या कामासाठी व्हर्नियरहून सरस आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूकाम आणि संगणकीय आरेखन यांची सांगड घालू इच्छिणाऱ्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना तेथे नेऊन आधी दोऱ्याने आणि मग पडद्यावर मापे घ्यावयास लावावे.

निमुळतेपणाचा परिणाम किती, हेही पाहता येते. ६०० मि.मी. लांबीच्या कांड्यावर परिघ खाली १६० आणि वर १४५ मि.मी. असेल तर तो बांबू म्हणजे लांबलचक शंकूचा तुकडा होय. शंकूही विकसनीयच, परंतु तो उलगडला की आयत न मिळता वर्तुळखंड मिळतो. येथे त्याची त्रिज्या ६.४ मीटर येते. म्हणजे सरळ कडेची कागदी पट्टी अशा बांबूभोवती गुंडाळली असता पट्टीचा मध्य आणि तिची टोके यांत सुमारे अर्ध्या मि.मी.चा फरक पडतो. मांडणीच्या खोबणीला तो चालतो. बासरीच्या नक्षीला तर तो डोळ्यांनाही जाणवत नाही. एकावर एक नेमक्या बसणाऱ्या दोन नळ्यांच्या खाचांना मात्र चालत नाही, आणि तेथे दंडगोलाऐवजी शंकूच रेखाटावा लागतो.

राहिला प्रश्न आराखड्यावरील नोंदीचा. वक्र पृष्ठावरील फटीपुढे नुसते ‘४०’ असे लिहिलेले असेल तर तो आकडा अपुरा आहे. ते सरळ अंतर आहे, कंसावरील अंतर आहे की कोनातून काढलेले, आणि ते बाहेरच्या पृष्ठावर मोजावयाचे की आतल्या, हे शब्दांत लिहावे. त्यासोबत भिंती समांतर की त्रिज्यारेषेत, आणि काप कोणत्या हत्याराने घ्यावयाचा, हेही लिहावे. हॅकसॉच्या फटीसाठी तर लांबी न देता ‘अक्षापासून ५८’ एवढे एकच माप पुरते. बाकीची सर्व मापे पाते स्वतःच ठरविते.